व्हीलचेअरवरून शिडाच्या होडीत: धक्क्यावर काय करायचं आणि कुठल्या क्रमाने

इंग्लंडमधल्या एका तलावावर उन्हाळ्यातल्या शनिवारी मी पॉन्टूनवर, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या धक्क्यावर, उभी असते. माझं काम होडी चालवायचं नाही, माणसं होडीत बसवायचं आणि सुखरूप बाहेर काढायचं. मराठी मंडळाच्या ओळखीने बरीच कुटुंबं येतात. कुणाच्या बाबांना पक्षाघात झालेला, कुणाच्या मावशीचे पाय पोलिओने गेलेले, कुणाचा पुतण्या बाइकवरून पडून मणक्याला मार लागलेला. घरून निघताना सगळ्यांच्या मनात लाटा आणि वारा असतो. घोळ मात्र होतो होडी बांधलेली असताना, काठापासून हातभर अंतरावर. खांद्याला हिसका बसतो, कातडी सोलवटते, लघवीची नळी दुमडते. म्हणून या लेखात शिडाबद्दल थोडंच आहे, धक्क्याबद्दल पुष्कळ.

उदाहरण हान्सा ३०३ या होडीचं घेते. रॉयल यॉटिंग असोसिएशनच्या, अपंगांसाठी असलेल्या सेलॅबिलिटी उपक्रमातल्या केंद्रांवर ही होडी तुम्हाला बहुतेक दिसेलच. लांबी ३.०३ मीटर. दोघं शेजारी शेजारी, तोंड पुढे करून, झोळीसारख्या आसनावर अगदी खाली बसतात. सुकाणूला जॉयस्टिक आहे. होडी दुसरी असली तरी क्रम हाच राहतो.

टप्पा १: फोनवर विचारायचे प्रश्न

"व्हीलचेअर चालते ना?" हा प्रश्न विचारूच नका. त्याचं उत्तर सगळीकडे "हो" असं मिळतं आणि तिथे गेल्यावर कळतं की खुर्ची पार्किंगपर्यंत चालते. त्याऐवजी हे विचारा:

- पॉन्टूनवर हॉईस्ट आहे का, आणि तो किती किलोपर्यंत उचलतो? माणसं उचलणाऱ्या हॉईस्टची (उचलण्याच्या यंत्राची) आणि स्लिंगची (त्याला अडकवायच्या कापडी झोळीची) ब्रिटनमध्ये दर ६ महिन्यांनी तपासणी व्हावी लागते. शेवटची कधी झाली, हे विचारायला लाजू नका.
- स्लिंग तुमची की आमची? घरची नेणार असाल तर ती फासांची आहे की क्लिपची, ते सांगा. फासांची स्लिंग क्लिपच्या दांडीला बसत नाही, आणि जुळवाजुळव करण्याची ही जागा नव्हे.
- पार्किंगपासून पॉन्टूनपर्यंत पायरी, खडी, चिखल काय आहे?
- टॉयलेटमध्ये खुर्ची वळते का? आडवं करून कपडे बदलायचे असतील तर बाक आहे का?
- वारा किती वाढला की तुम्ही फेरी रद्द करता?

आता तुम्ही त्यांना काय सांगायचं ते. वजन खरं सांगा. आपल्याकडे वजन विचारलं की आठ-दहा किलो आपोआप गळतात. हॉईस्टला ते कळत नाही. घरी पलंगावरून खुर्चीत कसं नेता, हे जसंच्या तसं सांगा. फिट येते का, कातडीवर कुठे जखम आहे का, कुठला भाग बधिर आहे, कुठली बाजू बलवान आहे, हेही सांगा. "तिकडे गेल्यावर बघू" म्हणून फिट लपवलेली दोन कुटुंबं मला भेटली आहेत. फिट येते म्हणून सहसा कुणी होडी नाकारत नाही. फक्त लाइफजॅकेट वेगळं द्यावं लागतं आणि शेजारी कोण बसणार ते ठरवावं लागतं.

टप्पा २: कपडे आणि बॅग

जीन्स नको. मागच्या खिशाची जाड शिवण आणि धातूची टिकली बधिर कुल्ल्याखाली अर्धा तास राहिली की संध्याकाळी तिथे लाल चट्टा दिसतो, आणि तो बरा व्हायला महिने जाऊ शकतात. खिशातल्या किल्ल्या, मोबाइल, सुटे पैसे काढून ठेवा. सैल ट्रॅक पँट, आत पातळ लोकर किंवा सिंथेटिक, वरून वारा अडवणारं जाकीट. सुती कपडा भिजला की अंगाला चिकटून गारठवतो.

आजींना साडीतच यायचं असतं. मी समजावते, "आजी, आज फक्त सलवार घाला, फोटोला वरून पदर घेऊ." निऱ्या स्लिंगच्या पट्ट्यात अडकतात आणि भिजल्या की जड होतात. मंगळसूत्र, बांगड्या गाडीत कुलूपबंद.

बूट कायम पायात. संवेदना नसलेल्या पावलाला उन्हात तापलेला ॲल्युमिनियमचा पत्रा चटका देतो आणि माणसाला ते समजतही नाही.

पाण्याची गोळी म्हणजे लघवी वाढवणारं औषध चालू असेल तर ते थांबवू नका. फेरीची वेळ त्याप्रमाणे मागा. कॅथेटरची (लघवीच्या नळीची) पिशवी निघण्याआधी रिकामी करा.

उन्हाळा आहे म्हणून गाफील राहू नका. मे महिन्यात हवा २२ अंशांवर गेली तरी तलावाचं पाणी १५ च्या खाली असू शकतं. इतक्या गार पाण्यात अचानक पडलं की श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो. पाठीच्या कण्याला इजा असलेल्यांचं शरीर इजेच्या खाली ना नीट घाम गाळतं ना नीट कुडकुडतं. त्यांना थंडी वाजतेय का असं विचारून उपयोग नाही. मानेला हात लावून बघा. कडक उन्हात याच कारणासाठी पाण्याची फवारणीची बाटली जवळ ठेवा.

तपासा: बॅगेत सुका कपड्यांचा एक पूर्ण जोड, मोठा टॉवेल, औषधं, जास्तीची लघवीची पिशवी. बॅग काठावर राहते, होडीत जात नाही.

टप्पा ३: लाइफजॅकेट, उतारावर जाण्याच्या आधी

क्रम इथेच चुकतो. लोक पॉन्टूनवर पोचतात आणि मग जॅकेट चढवत बसतात. जॅकेट क्लबाच्या खोलीत, सपाट जमिनीवर चढवा.

जॅकेटची तरंगवण्याची ताकद न्यूटनमध्ये मोजतात. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्या, शुद्धीवर असलेल्या माणसासाठी. ते तरंगवतं, पण तोंड वर वळवण्याची हमी देत नाही. मानेवर ताबा नाही, फिट येते, हात चालत नाहीत, अशांना १५० न्यूटनचं, पाण्यात पडताच आपोआप फुगणारं हवं. तरीही एक अडचण उरते. पातळ झालेले पाय वर तरंगतात, कापलेल्या पायाच्या बाजूने अंग कलतं, आणि जॅकेट जसं वळवायला हवं तसं वळवत नाही. म्हणून पहिल्या फेरीआधी जलतरण तलावात, त्याच जॅकेटमध्ये, माणूस कसा तरंगतो ते बघून घ्या. आमच्याकडे एका मुलाला तोंडावर पाणी आलं ते कंबरेइतक्या पाण्यात. ते तिथेच समजलं हे बरं झालं.

मांड्यांमधून जाणारे पट्टे लावायलाच हवेत, नाहीतर पाण्यात जॅकेट कानापर्यंत वर येतं आणि माणूस खालून निसटतो. आता बारीक पण महत्त्वाची गोष्ट: पट्टा आवळल्यावर बोट घालून कॅथेटरची नळी शोधा आणि ती पट्ट्याखाली दबली नाही ना, हे हाताने चाचपून बघा.

सावध: इजा छातीच्या सहाव्या मणक्याजवळ किंवा त्याच्या वर असेल तर दबलेली नळी, भरलेलं मूत्राशय किंवा घट्ट पट्टा एवढ्यानेही रक्तदाब झपाट्याने चढू शकतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, इजेच्या वर घाम फुटतो. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. अशा वेळी माणसाला आडवं करायचं नाही, ताठ बसवायचं. पट्टे सैल करा, नळी मोकळी करा, कारण शोधा, आणि ठणका उतरत नसेल तर लगेच ९९९, म्हणजे ब्रिटनमधला आणीबाणीचा नंबर. बरोबर कोण आहे त्याला हे आधीच माहीत हवं.

टप्पा ४: उतार

तलावावर हा टप्पा चुटकीसरशी होतो. समुद्रावर तसं नाही. पॉन्टून पाण्याबरोबर खालीवर होतं, आणि किनाऱ्यापासून त्यावर उतरणारा पूल ओहोटीला घसरगुंडी होतो. ब्रिस्टल चॅनेलमध्ये उधाणाला पाण्याची पातळी १२ मीटरहून जास्त बदलते. मुंबई बंदरातही उधाणाला हा फरक ४ मीटरच्या वर जातो. खुर्चीसाठी साधारण १:१२ चा उतार बरा, म्हणजे एक फूट खाली जायला बारा फूट लांबी. म्हणून भरतीच्या अलीकडे-पलीकडे दोन तास, आणि शक्य असेल तर भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असताना, जा. जाताना आणि येताना, दोन्ही वेळचं कोष्टक बघा. लोक जातानाचं बघतात आणि परत येताना कडा चढतात.

हाताने ढकलायची खुर्ची तीव्र उतारावर उलटी उतरवा: माणसाची पाठ पाण्याकडे, ढकलणारा मागे, खालच्या बाजूला, आणि दुसरा समोरून धरलेला. मागे पडू नये म्हणून खुर्चीला असलेली छोटी चाकं पुलाच्या टोकाला अडतात, ती आधी वर वळवा. विजेची खुर्ची बऱ्याचदा शंभर किलोच्या पुढे असते. पुलाचं वजन झेपतं का हे क्लबाला विचारा, अंदाज करू नका.

पॉन्टूनवर खुर्ची काठाला समांतर लावा, पाण्याकडे तोंड करून कधीच नाही. दोन्ही ब्रेक. सपाट भागावर पोचलं की खुर्चीचा कमरपट्टा सोडा. खुर्ची पाण्यात गेलीच तर माणूस तिच्याबरोबर जाता कामा नये.

मी पॉन्टूनवर पहिल्या वर्षी एक रिकामी खुर्ची ब्रेक लावून ठेवली आणि दोर सोडायला वळले. ब्रेक एकच लागला होता. झुळूक आली, खुर्ची गोल फिरली आणि डुबुक. मालकीणबाई होडीत बसून बघत होत्या. "आता मी घरी कशी जाऊ गं?" एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून रिकामी खुर्ची मी किनाऱ्यावर नेऊन दोरीने खांबाला बांधते.

टप्पा ५: माणूस येण्याआधी होडी तयार

होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाऱ्याकडे. पुढून, मागून आणि मध्ये, तीन ठिकाणी बांधलेली. होडी आणि पॉन्टूनच्या मधे फेंडर, म्हणजे धक्का सोसणाऱ्या उशा. शीड डोलकाठीभोवती गुंडाळलेलं. हान्साचं शीड तसं गुंडाळता येतं, आणि उघडं शीड फडफडत असताना कुणाला बसवायला घेणं हा वेडेपणा आहे.

सेंटरबोर्ड, म्हणजे होडीच्या तळातून पाण्यात सोडायची वजनदार फळी, खाली आणि अडकवलेला. विसरण्यात याचा पहिला नंबर. त्याचं वजन खाली असेल तर होडी एका बाजूने बसणाऱ्याला सांभाळते, नसेल तर कलंडते.

आसनावर घरच्या खुर्चीची गादी ठेवायची का? हवेची गादी होडीत डुगडुगते आणि माणूस उंच बसतो, त्यामुळे तोल वर जातो. पातळ फोम किंवा जेल बरं. मग ती तिथे आधीच पसरा. माणूस हॉईस्टवर लटकत असताना "गादी कुठे गेली?" हे मी अनेकदा ऐकलं आहे.

तपासा: स्वतः होडीत बसा, डावीकडे उजवीकडे झुका. मगच माणसाला बोलवा.

टप्पा ६: खुर्चीतून होडीत

सर्वात आधी ठरवा की हुकूम कोण देणार. एकच माणूस, आणि शक्यतो जो बसणार आहे तोच. त्याने आयुष्यभर हजारदा पलंग ते खुर्ची केलेलं असतं, आपण आज पहिल्यांदा. "एक, दोन, तीन" नको. अर्धे तीनला उचलतात, अर्धे तीननंतर. आम्ही "तयार?" विचारतो, सगळ्यांनी "तयार" म्हटल्यावर "उचला".

आणि घरची मंडळी दोन पावलं मागे. हे कठोर वाटतं. पण चार भाऊ प्रेमाने पुढे येतात, दोघं बगलेत हात घालतात, एक पाय धरतो, एक "सावकाश रे" म्हणतो. बगलेत हात घालून उचलणं कधीच नाही. पक्षाघाताचा खांदा सैल असतो आणि त्या हिसक्याने सांध्यातून घसरतो.

*स्वतः सरकून.* हात बलवान असतील तर ही रीत उत्तम. खुर्चीतून बुटक्या बाकावर, बाकावरून होडीच्या काठावर ठेवलेल्या उशीवर, तिथून आसनात. पावलं आधी होडीत. मदतनीस फक्त पावलं सांभाळतो, बाकी हात लावत नाही. काठ आणि पॉन्टून यांच्या फटीत बोटं जाऊ देऊ नका. होडी हलली की ती फट कात्रीसारखी मिटते.

*उभं राहून वळून.* पक्षाघाताच्या लोकांना ही रीत. बलवान बाजू होडीकडे हवी. गेल्या वर्षी एका काकांची डावी बाजू कमजोर होती. खुर्ची नाळेकडे तोंड करून लावली, होडी त्यांच्या उजवीकडे. मी म्हटलं, "काका, हात माझ्या गळ्यात नको, या लोखंडी दांडीवर ठेवा. मी कमरेच्या पट्ट्याला धरते." छान बसले. तासाभराने परत आलो तर पॉन्टून त्यांच्या डावीकडे! कमजोर बाजूने चढणार कसे? पुन्हा सोडलं, वळवलं, दुसरी बाजू पॉन्टूनला लावली आणि खुर्चीही फिरवली. दहा मिनिटं गारठ्यात गेली. चढायची आणि उतरायची बाजू निघण्याआधीच ठरवा.

*हॉईस्टने.* धडावर ताबा नसेल तर पूर्ण अंगाची, डोक्याला आधार देणारी स्लिंग. टॉयलेटसाठीची मोकळी स्लिंग अशा माणसासाठी चालत नाही, तो मधून घसरतो. फास चारही बाजूंनी जोडीजोडीने सारख्याच उंचीचे आहेत ना, रंग बघून खात्री करा. मग एवढंच उचला की माणूस खुर्चीपासून चार बोटं वर येईल, आणि थांबा. कुठे आवळतंय का, नळी कुठे आहे, हात आत आहेत ना? इथे मिनिटभर घालवा. मगच फिरवा. खाली सोडताना एकजण होडीत असतो, तो गुडघ्यांना हलकेच मागे रेटतो म्हणजे कंबर आसनाच्या तळाशी नीट बसते.

स्लिंग काढायची की खाली ठेवायची? परत उचलायला तीच लागणार, म्हणून बहुतेक वेळा राहू द्यावी. पण तिचे फास दोरांत अडकू नयेत म्हणून मांडीखाली नीट खोचा, आणि तळाशी सुरकुती राहू देऊ नका. एक सुरकुती म्हणजे एक जखम.

सावध: माणसाला होडीला बांधायचं नाही. धडाला आधाराचा पट्टा लागलाच तर ताणाखाली एका ओढीत सुटणारा हवा, आणि शेजारी बसणाऱ्याने तो काठावर तीनदा सोडून बघितलेला हवा. होडी उलटली तर बांधलेला माणूस तिच्याबरोबर पाण्याखाली जाईल.

टप्पा ७: दोर सोडण्याआधी

पावलं कुठे आहेत ते डोळ्यांनी बघा. बधिर पाऊल तळाशी वाकडं दाबून बसलेलं असतं आणि कुणी सांगत नाही. शिडाचे दोर बलवान हाताच्या टप्प्यात. जॉयस्टिक हातात द्या आणि काठावरच सांगा की डावीकडे ढकलली की होडी डावीकडे. ज्यांनी दांड्याचं सुकाणू वापरलंय, त्यांची मात्र गल्लत होते, कारण ते उलट चालतं.

हात अजिबात चालत नसतील तरी मागे फिरू नका. विजेवर चालणाऱ्या यंत्रणेच्या होड्या हनुवटीच्या जॉयस्टिकवर किंवा नळीत फुंकून-ओढूनही चालतात. मानेखालचं शरीर हलवता न येणाऱ्या हिलरी लिस्टर यांनी २००९ मध्ये याच फुंकण्याच्या रीतीने एकट्याने ब्रिटनला प्रदक्षिणा घातली होती. अशी होडी कुठल्या केंद्राकडे आहे ते फोनवरच विचारावं लागतं.

दिसत नसेल तर घड्याळाची भाषा ठरवा: "वारा दहाच्या अंगाने, काठ तीनला." वारा कुठल्या गालावर लागतोय यावरून अंध माणसं दिशा भराभर पकडतात. ऐकू येत नसेल, किंवा भिजू नये म्हणून श्रवणयंत्र काढून ठेवलं असेल, तर खुणा आधी ठरवा. दोघांची तोंडं पुढे असतात, ओठ वाचता येत नाहीत. "थांब" साठी मांडीवर दोन थापा पुरतात.

टप्पा ८: पाण्यावर

पहिली फेरी वीस ते तीस मिनिटांची, बास. दहा नॉटपर्यंत वारा, म्हणजे ताशी साधारण १८ किलोमीटर. त्यावर गेला तर शीड दोन वेढे गुंडाळा, म्हणजे उघडा भाग कमी होतो. सुरक्षेची मोटरबोट पाण्यावर उतरलेली असेल तरच निघा. काठावर "तयार" असलेली नको.

दर दहा मिनिटांनी शेजाऱ्याने विचारावं, आणि भार एका कुल्ल्यावरून दुसऱ्यावर घ्यायला, पुढे झुकायला मदत करावी. "मस्त आहे, चालू दे" हे उत्तर पुरेसं नाही. ओठांचा रंग बघा.

टप्पा ९: उतरणं

थकलेला, गारठलेला, भिजलेला माणूस चढताना होता तसा नसतो. ज्याने सकाळी स्वतः सरकून बसायचं ठरवलं होतं, त्याचे हात आता दमलेले असतात. म्हणून हॉईस्ट तयार ठेवा, लागो न लागो. आधी बांधणं, शीड गुंडाळणं, मग खुर्ची आणणं, ब्रेक लावणं, आणि शेवटी माणूस. उत्साहात खुर्ची आधी आणून काठावर ठेवू नका, वर सांगितलंच आहे काय होतं ते.

महाराष्ट्रात हे करायचं असेल तर समुद्राऐवजी धरणाच्या किंवा शहरातल्या तलावापासून सुरुवात करा. पातळी तासातासाला बदलत नाही. गेटवेसारख्या दगडी पायऱ्यांवरून, हलत्या लाँचमध्ये खुर्चीसकट माणूस उचलून देणं मी लहानपणी पाहिलंय. त्याला सोय म्हणत नाहीत.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी कुल्ले, टाचा, घोटे, कोपर आरसा धरून किंवा दुसऱ्याकडून तपासून घ्या. लालसर डाग अर्ध्या तासात गेला नाही तर त्या जागेवर भार देऊ नका आणि नर्सला दाखवा. मग एका कार्डावर लिहा: स्लिंगचा आकार, फासांचे रंग, बलवान बाजू, गादी कुठली, किती मिनिटं बसलो, कुठे लाल झालं. काकांच्या कार्डावर पहिली ओळ आहे: "परतताना उजवी बाजू पॉन्टूनला."